मामांची शुगर, ईसीएचएसचं कार्ड आणि आत्यांची दोन नावं

आमचा पश्चिम भाग म्हणजे बेळगावातून चंदगडच्या रस्त्याला लागलं की प्रत्येक गावात पेन्शनवर आलेले फौजी, बहुतेक मराठा लाइट इन्फंट्रीचे, आणि त्यातल्या कितीतरी जणांना आता शुगर आहे. ईसीएचएस या माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचं कार्ड मात्र सगळ्यांकडे नाही. आमच्याकडेही नव्हतं. २०२४ मध्ये सासऱ्यांच्या पायावरून जे काही झालं त्यातून कागद, दवाखाना, इन्सुलिन सगळंच शिकावं लागलं, आणि आता गावातल्या बायका मला विचारायला येतात, म्हणून एकदा सगळं सलग लिहून काढते. माझे मिस्टर पण मराठाचेच, पोस्टिंग जम्मूकडे, त्यामुळे घरची धावपळ माझीच. सासऱ्यांना मी मामा म्हणते, सासूबाईंना आत्या.

२०२४ ची आषाढी १७ जुलैला झाली, त्याच आठवड्यात आमची भाताची रोप लागण होती. मामा सत्तरीला आलेत पण चिखलात उतरल्याशिवाय राहत नाहीत, तेही अनवाणी. पायात काहीतरी घुसलं, काटा की काच ते कधी कळलंच नाही कारण त्यांना दुखलंच नाही. हेच खरं तर भ्यायचं लक्षण होतं, शुगरने पायाच्या नसा बधिर होतात हे आम्हाला नंतर कळलं. अंगठ्याखाली जखम, वर हळद, वर फडकं, आणि "काय नाही गं, फौजेत याच्यापेक्षा मोठं बघितलंय." आठ-दहा दिवसांनी आत्या म्हणाल्या खोलीत वास येतोय. फडकं सोडलं तर कडा काळ्या पडलेल्या.

शहरातल्या एका खाजगी दवाखान्यात नेलं. शुगर ४१२. एचबीएवनसी म्हणून एक टेस्ट असते, मागच्या साधारण तीन महिन्यांची सरासरी सांगते, ती ६.५ किंवा वर गेली की डायबेटिस धरतात, मामांची ११.८ आली. म्हणजे हे आजचं नव्हतं, कितीतरी वर्षांचं होतं. सडलेला भाग काढला, अंगठा वाचला, देवाची कृपा. बिल ४६ हजारांच्या वर गेलं. बिल भरताना काउंटरवरच्या मुलीने सहज विचारलं, "एक्स-सर्व्हिसमन आहेत ना, ईसीएचएस कार्ड नाही काय?" मी मिस्टरांना फोन लावला, ते म्हणाले बाबांनी कधी केलंच नाही, त्यांना मेडिकल अलाउन्स मिळतो.

तर हा अलाउन्स नीट समजून घ्या. ईसीएचएस योजना १ एप्रिल २००३ ला सुरू झाली. त्यानंतर पेन्शनवर आलेल्यांना मेंबर व्हावंच लागतं, वर्गणी रिटायर होतानाच कापून घेतात, सध्या हवालदारापर्यंत ३० हजार, जेसीओ म्हणजे सुभेदार वगैरे ६७ हजार, ऑफिसर १ लाख २० हजार, एकदाच, पुढे नवरा-बायको दोघांना आयुष्यभर. त्याआधी रिटायर झालेल्यांना मात्र मर्जी होती, योजनेत या नाहीतर पेन्शनसोबत एफएमए म्हणजे फिक्स मेडिकल अलाउन्स घ्या. मामा १९९४ ला हवालदार म्हणून आले, त्यांनी अलाउन्स घेतला. सुरुवातीला महिना शंभर रुपये होता, वाढत वाढत जुलै २०१७ पासून हजार झाला. दरमहा हातात हजार येतात म्हटल्यावर कोण सोडणार. आणि खरी गोष्ट पुढेच, १ जानेवारी १९९६ च्या आधी रिटायर झालेल्यांना ईसीएचएसची वर्गणीच माफ आहे. मामांना एक रुपया भरायचा नव्हता. इतकी वर्षं हे घरात कोणालाच ठाऊक नव्हतं.

ऑगस्टमध्ये मी वहीत हिशोब मांडून दाखवला. इन्सुलिन, गोळ्या, शुगर तपासायच्या पट्ट्या, ड्रेसिंग, रक्ताच्या टेस्ट, साडेतीन-चार हजार महिन्याला सहज. हजार रुपये सोडायचे ठरले. तरी मामा दोन दिवस गप्प होते. पेन्शनमधला पैसा कमी होणं हे जुन्या फौजीला मनाला लागतं, त्यांना घाई करू नका, वही दाखवा.

पहिलं काम एफएमए बंद करायचं, कारण अलाउन्स चालू असताना मेंबर होता येत नाही, आणि बंद झाल्याचं सर्टिफिकेट अर्जाला लागतं. फौजेची पेन्शन आता सरकारच्या स्पर्श पोर्टलवरून येते, तिथे लॉगिन करायला गेलो तर रजिस्टर केलेला मोबाइल नंबर जुना, ते सिम कधीच बंद पडलेलं. सर्व्हिस सेंटरवर जाऊन आधी नंबर बदलून घेतला, मग अर्ज, मग वाट बघणं. गणपती (७ सप्टेंबर) येऊन गेले तरी पेन्शन स्लिपवर एफएमएची ओळ दिसतच होती. ऑक्टोबरच्या स्लिपवर गेली. या काळात इन्सुलिन पदरचे पैसे घालून चालू होतं, ते कागदासाठी थांबवायचं नसतं.

ईसीएचएसचा अर्ज ऑनलाइन भरायचा. पीपीओ म्हणजे पेन्शनचा आदेश, फौजेतून सुटतानाचं डिस्चार्ज बुक, आधार, पॅन, फोटो, एफएमए बंदचं सर्टिफिकेट, सगळं स्वच्छ स्कॅन करा. मामांचं डिस्चार्ज बुक ट्रंकेत तळाला, कडा वाळवीने खाल्लेल्या, झेरॉक्सवाल्याने पान पान सांभाळून केलं. पानं ओढून उघडू नका आणि लॅमिनेशन तर अजिबात करू नका. अर्ज स्वीकारला की तात्पुरती स्लिप डाउनलोड होते, प्लास्टिकचं कार्ड यायला वेळ लागतो पण स्लिपवर उपचार सुरू होतात. हे माहीत नसल्यामुळे कार्डाची वाट बघत घरी बसलेली माणसं मी बघितलीत. मामांची स्लिप नोव्हेंबरच्या सुरुवातीला आली. फक्त मामांची. आत्यांचं पुढे सांगते, ते सगळ्यात किचकट आहे.

मधे इन्सुलिनबद्दल, कारण कागदापेक्षा याची भीती जास्त असते. डिस्चार्जच्या आदल्या दिवशी तिथल्या सिस्टरने टेबलावर दोन सिरिंजा ठेवल्या, एक लाल टोपणाची, एक नारिंगी टोपणाची. आपल्याकडे इन्सुलिनची काचेची बाटली साधारणपणे ४० युनिटची येते, म्हणजे एका मिलीमध्ये ४०, तिला लाल टोपणाची सिरिंज, तिच्यावर ४० पर्यंत आकडे. पेनमधलं इन्सुलिन १०० चं, नारिंगी टोपणाची सिरिंज पण १०० ची. सिस्टर म्हणाल्या, १०० चं औषध लाल टोपणाच्या सिरिंजने २० च्या रेघेपर्यंत ओढलं तर पोटात ५० युनिट जातील, माणूस झोपेतून उठणार नाही. उलटं केलं, ४० ची बाटली आणि नारिंगी सिरिंज, तर २० च्या जागी फक्त ८ जातील आणि शुगर का उतरत नाही म्हणून तुम्ही डोकं धरून बसाल. मेडिकलमधून आणताना दर वेळी बाटलीवरचा आकडा आणि टोपणाचा रंग जुळवून घ्या, दुकानदार घाईत असतो. पहिली सुई मी टोचली, हात थरथरत होता. चौथ्या दिवसापासून मामा स्वतः टोचायला लागले, पोटावर, रोज जागा बदलून, आणि ते काम एवढं शिस्तीत करतात की वेळ चुकत नाही.

न उघडलेली बाटली फ्रीजमध्ये, २ ते ८ डिग्री, पण बर्फाच्या कप्प्यात कधीच नाही, गोठलेलं इन्सुलिन टाकूनच द्यावं लागतं. उघडलेली बाटली थंड सावलीच्या जागी साधारण चार आठवडे चालते, बाटलीवर उघडल्याची तारीख पेनाने लिहून ठेवते मी. आमच्याकडे पावसाळ्यात लाइट गेली की गेली, तेव्हा मातीच्या मडक्यात पाणी घालून त्यात एक कोरडा डबा बसवून त्यात बाटली ठेवते.

आता १२ नोव्हेंबर. कार्तिकी एकादशी. मामा माळकरी, आषाढी-कार्तिकी सोडत नाहीत. सकाळी इन्सुलिन घेतलं नेहमीएवढं आणि खाल्लं काय तर चहा नि एक केळं. अकरा वाजता ओसरीवर बसल्या बसल्या घाम सुटला, शर्ट भिजला, मला म्हणतात "कंपनी कधी फॉल-इन करायची?", म्हणजे रांगेत कधी उभी करायची. मला आधी काहीच कळेना, मग मीटर लावला, ५४. सत्तरच्या खाली गेली की धोका. तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून पाजली, पंधरा मिनिटांनी परत तपासली, ७८, मग वर थोडी साबुदाण्याची खिचडी. माणूस शुद्धीवर असेल तरच तोंडाने द्यायचं, बेशुद्ध असेल तर तोंडात काही ओतू नका, सरळ दवाखाना. उपासावरून घरात वाद घालण्यापेक्षा डॉक्टरांना आधी विचारा, त्या दिवसाचा डोस ते ठरवून देतात. मामांनी आता उपास फळ, दूध, शेंगदाण्यावर वेळेवर खाऊन करायचं कबूल केलंय, डोसही त्या दिवसाचा वेगळा.

दोनच दिवसांनी, १४ तारखेला, कॅम्पातल्या ईसीएचएसच्या दवाखान्यात, म्हणजे पॉलिक्लिनिकला, पहिल्यांदा गेलो. बायकांना लाल बस फुकट असल्यामुळे माझा प्रवास तसा फुकटच, कर्नाटक सरकारच्या शक्ती योजनेमुळे, फक्त आधार जवळ पाहिजे. तिकीट मामांचं. सकाळी लवकर जा, उपाशीपोटी रक्त द्यायचं असेल तर भाकरी डब्यात बांधून न्या, रक्त दिलं की लगेच खायचं आणि इन्सुलिन पण तिथेच. तिथे वातावरण बघून मामा खुलले, बाकावर सगळे आपल्यासारखेच, कोण कुठल्या बटालियनचा, कोण कुठे होता. त्या दिवशी जागतिक मधुमेह दिन होता. डॉक्टर म्हणाले १४ नोव्हेंबर हा बँटिंग यांचा जन्मदिवस, १९२१ मध्ये कॅनडात टोरांटोला इन्सुलिनचा शोध लावणाऱ्यांपैकी ते एक, आणि ते पहिल्या महायुद्धात फौजेत डॉक्टर होते, १९१८ ला लढाईत जखमी झाले, मिलिटरी क्रॉस हे शौर्याचं पदक मिळालेलं. मामा एकदम ताठ बसले. "म्हंजे इन्सुलिन फौजी माणसानंच काढलं की." तोपर्यंत ते इन्सुलिनला शिक्षा समजत होते. त्या दिवसानंतर तो शब्द मी त्यांच्या तोंडून ऐकला नाही.

पॉलिक्लिनिकची पद्धत अशी की आधी तिथले डॉक्टर बघतात, टेस्ट होतात, औषधं साधारण महिन्याची मिळतात, आणि स्पेशालिस्ट लागला तर पॅनलवरच्या, म्हणजे योजनेच्या यादीतल्या, हॉस्पिटलला रेफरल म्हणजे चिठ्ठी देतात, तिथे पैसे भरायचे नसतात. रेफरलवर तारखेची मुदत असते, ती तिथेच वाचून घ्या. एखादं औषध स्टॉकला नसलं तर तसा शेरा घेऊन ते लोकल केमिस्टमार्फत मागवतात, त्याला काही दिवस लागतात, म्हणून घरात आठवड्याचा साठा हातात असतानाच जायचं. इन्सुलिन आणायला थर्मास किंवा थंड पिशवी न्या, बर्फाला बाटली चिकटू देऊ नका, मधे टॉवेल. आणि इमर्जन्सीत रेफरल शोधत बसू नका, जवळच्या हॉस्पिटलला न्या, पॅनलवर नसलेलं असलं तर ४८ तासांत पॉलिक्लिनिकला कळवायचं, नाहीतर बिलाचे पैसे परत मिळवताना त्रास होतो.

शुगर म्हणजे फक्त आकडा नव्हे हे मला तिथे कळलं. वर्षातून एकदा डोळ्याचा पडदा, किडनीसाठी लघवीतलं अल्ब्युमिन आणि रक्तातलं क्रिएटिनिन, आणि पाय. पायाला एक नायलॉनचा बारीक दोरा टेकवून विचारतात कळतंय काय. मामा डोळे मिटून बसलेले, डॉक्टर डाव्या तळव्याला तीन ठिकाणी टेकवून गेले आणि मामा अजून विचारतायत, "सुरू करताय ना?" मी तोंड फिरवलं. आता रोज रात्री आत्या बॅटरी घेऊन त्यांचे तळवे बघतात, बोटांच्या मधे पण, आणि शेतात गमबूट. घालायच्या आधी बूट उलटा करून आपटायचा, आत खडा राहिला तरी त्यांना कळणार नाही.

खाण्याचं थोडक्यात सांगते. आमच्याकडे तिन्ही त्रिकाळ भात, आणि सीझनला रताळी. भात बंद नाही केला, वाटी ठरवली. एक वेळ ज्वारीची नाहीतर नाचणीची भाकरी, ताटात भाजी आणि उसळ आधी. चहातली साखर गेली. बेळगावची मिठाई कुंदा घरात येतो, नाही कसं म्हणणार, पण मामांच्या हाताला लागत नाही अशा जागी. फौजी कॅन्टीनमधला दारूचा कोटाही मामांनी स्वतःहून बंद केला, डॉक्टरांनी सांगितलं होतं की इन्सुलिनवर असताना दारू घेतली तर शुगर रात्री झोपेत उतरू शकते. ५४ चा दिवस आठवून त्यांना ते पटलं.

आता आत्या. जुलैत मीटर घरात आला तेव्हा सगळ्यांनीच बोट टोचून बघितलं, आणि आत्यांची उपाशीपोटी १८६ निघाली. १२६ आणि वर म्हणजे शुगर, दुसऱ्यांदा लॅबमध्ये तपासून पक्कं केलं. त्यांना गोळ्यांवर ठेवलंय. पण कार्डात त्यांचं नाव घालायला गेले तर मामांच्या सर्व्हिस रेकॉर्डमध्ये बायकोचं नाव सुनंदा, आणि आधार, रेशन कार्ड, मतदान कार्ड सगळीकडे शालन. लग्नात बदललेलं नाव मामांनी युनिटमध्ये लिहून दिलेलं, आणि गावात सगळे माहेरच्या नावाने ओळखतात म्हणून कागद तसे झालेले. वर जन्मतारखेतही फरक. आमच्या भागात हे घरोघरी आहे, त्यात कर्नाटकात कन्नड आणि इंग्रजी कागद, स्पेलिंग प्रत्येक ठिकाणी वेगळं.

सैनिक कल्याण खात्याच्या ऑफिसात चौकशी केली, त्यांनी समजावून सांगितलं. मामांचं ॲफिडेव्हिट की दोन्ही नावं एकाच बाईची, शंभराच्या ई-स्टॅम्पवर, नोटरीसकट खर्च पाचशेच्या आत. मग एका मराठी आणि एका इंग्रजी पेपरात जाहिरात, दोन्हीचे मिळून अडीच हजारांच्या आसपास. पेपराचं कात्रण कापू नका, तारीख दिसेल असं अख्खं पान ठेवा, आणि दोन-तीन अंक जादा घेऊन ठेवा. हे सगळं अर्जासोबत रेकॉर्ड ऑफिसला, जिथे फौजींचं सर्व्हिस रेकॉर्ड असतं. मराठाचं रेकॉर्ड ऑफिस बेळगावातच आहे, हे आपलं नशीब, सातारा-सांगली-कोकणातली माणसं त्यासाठी इथवर येतात. पोच घ्या, पोचेवरचा नंबर मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा. दिवाळीनंतर दिलेला अर्ज, बदल झाल्याचं पत्र फेब्रुवारीत आलं, मग स्पर्शवर दुरुस्ती, मग ईसीएचएसचा अर्ज, आत्यांची स्लिप एप्रिल २०२५ मध्ये हातात. तोपर्यंतची त्यांची औषधं आम्ही विकत घेतली.

हे नुसतं औषधासाठी नाही बरं का. उद्या फॅमिली पेन्शनची वेळ आली तर हीच दोन नावं आडवी येतात. आमच्या गल्लीत एक आजी आहेत, नवरा गेल्यावर त्यांना तेरावं झाल्या झाल्या ॲफिडेव्हिट करत फिरावं लागलं, बरोबर कोणी नाही, शुगर ३०० च्या वर, आणि अर्जावर अंगठा. नवरा आहे तोवर, तो स्वतः सही करू शकतो तोवर हे काम फार सोपं आहे. आज डिस्चार्ज बुक काढा आणि बायकोचं नाव आधारशी जुळवून बघा, शुगर असो नसो.

सर्व्हिसमध्ये असलेल्यांच्या बायकांसाठी एक. शुगर निघाली तर शेप-वन म्हणजे पूर्ण फिटचा शेरा जाईल, लो मेडिकल कॅटेगरी होईल, प्रमोशन अडेल, या भीतीने बरेच जण सुट्टीवर आल्यावर गुपचूप बाहेर तपासतात आणि बाहेरच्याच गोळ्या खातात. मी मिस्टरांना स्पष्ट सांगितलं, असं करायचं नाही. कागदावर आली तर इलाज फौजेतच फुकट होतो, आणि रिटायर होताना मेडिकल बोर्डासमोर तो आजार दिसतो, डिसॅबिलिटी पेन्शनचा विचार त्यावरूनच होतो. लपवलेल्या आजाराचा पुढे काही पुरावाच राहत नाही. त्यांची शुगर सध्या चांगली आहे, वडिलांना असल्यामुळे दर वर्षी बघायची ठरलंय.

मामांचं एचबीएवनसी जून २०२५ मध्ये ७.४ आलं, डॉक्टर म्हणाले या वयात एवढं पुरे, अजून खाली ओढायच्या नादात परत ५४ नको. आत्यांना डोळ्याचं रेफरल मिळालंय. पडदा तपासताना डोळ्यात थेंब घालतात, काही तास सगळं धूसर दिसतं आणि उन्हाचा त्रास होतो, म्हणून बरोबर कोणीतरी पाहिजेच, आणि काळा चष्मा. मी त्या दिवशी गोठ्याचं काम शेजारच्या काकूंना सांगून ठेवलंय. कोणाला ॲफिडेव्हिटचा मजकूर बघायचा असेल तर आमची प्रत घरी आहे, येऊन झेरॉक्स काढून न्या, नावं-तारखा तेवढ्या आपल्या घाला.